ॲन आर्बर: हजार विजयांचा हिशेब

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉलसाठी त्याच्या गावी, ॲन आर्बरला जायचं तर शुक्रवारी सकाळीच पोहोचावं. सामना शनिवारी असतो, पण विक्रमांची कागदपत्रं ज्या बेंटली ग्रंथालयात आहेत ते कामाच्या दिवशी गाठलेलं बरं. डेट्रॉइट विमानतळापासून गाव साधारण ४० किलोमीटर आहे आणि थेट बस मिळते. शिकागोहून येणाऱ्यांना ॲमट्रॅकची 'वुल्व्हरिन' गाडी गावातच सोडते. नोव्हाय किंवा कॅंटनला मोटार-कंपन्यांतल्या नोकरीमुळे स्थिरावलेली मराठी घरं बरीच आहेत, तिथे मुक्काम असेल तर गाडीने सहज जाता येतं. फक्त परतीचं विमान शनिवारी रात्रीचं काढू नका. सामन्याची तारीख वर्षभर आधी ठरलेली असते, वेळ नाही. दुपारी बारा, साडेतीन की रात्र, हे टीव्हीवाले ठरवतात आणि अनेक सामन्यांची वेळ बारा दिवस, कधी कधी तर सहाच दिवस आधी कळते.

इथला फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा. विद्यार्थ्याला साधारण चार मोसम खेळता येतं. त्यामुळे 'कारकिर्दीतला विक्रम' म्हणजे फार तर चार हिवाळ्यांचं काम. असं असूनही या संघाची नोंदवही १८७९पासून सुरू आहे, आणि १८ नोव्हेंबर २०२३ रोजी मेरीलँडला ३१–२४ हरवून मिशिगनने हजारावा विजय नोंदवला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या वरच्या गटात हा आकडा गाठणारा हा पहिला संघ.

बेंटली ग्रंथालय गावाच्या मध्यात नाही, नॉर्थ कॅम्पसवर आहे. मध्यवर्ती कॅम्पसवरून विद्यापीठाच्या निळ्या बस जातात आणि त्यांना तिकीट लागत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे जुने दप्तर, संघांची छायाचित्रं, खेळाडूंच्या याद्या, सामन्यांचे गोषवारे असं सगळं इथे जपलेलं आहे. जाण्याआधी वेळ पाहून घ्या आणि काय हवं ते नेमकं ठरवून जा. 'जुना फुटबॉल' असं मोघम मागितलं तर खोक्यांमागून खोकी येतात आणि दिवस संपतो. मोसम आणि प्रतिस्पर्धी सांगितला की काम होतं.

पहिलाच सामना बघा: ३० मे १८७९, शिकागो, प्रतिस्पर्धी रसिन कॉलेज, मिशिगनचा विजय १–०. टचडाउनला (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याला) सहा गुण मानणाऱ्याला हा आकडा छापखान्याची चूक वाटेल. पण तेव्हाची गुणपद्धतच वेगळी होती. टचडाउनला १८९८पासून पाच गुण मिळू लागले आणि सहा मिळायला १९१२ उजाडलं. प्रशिक्षक फिल्डिंग योस्ट यांच्या संघांचे डोळे दिपवणारे आकडे याच पाच गुणांच्या काळातले आहेत. १९०१मध्ये ११ सामने, ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. १९०१ ते १९०५ या पाच मोसमांत मिळून २,८२१ विरुद्ध ४२. त्यातच १९०४चा वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा १३०–० हा सामना येतो. पुढे पास करायलाही तेव्हा परवानगी नव्हती, ती १९०६मध्ये आली, म्हणजे हे सगळं चेंडू हातात धरून धावत आणि लाथाडत जमवलेलं. १ जानेवारी १९०२च्या पहिल्या रोज बाउलमध्ये (मोसमानंतरच्या निमंत्रितांच्या सामन्याला 'बाउल' म्हणतात) तर स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच सामना थांबवायची विनंती केली. तेव्हा धावफलकावर ४९–० होतं. ही ५६ सामन्यांची अपराजित मालिका नोव्हेंबर १९०५मध्ये शिकागोने तोडली, तीही २–० अशी, एका सेफ्टीवर, म्हणजे चेंडू घेतलेला खेळाडू आपल्याच टोकाच्या पट्ट्यात पाडला गेल्यावर समोरच्याला मिळणाऱ्या दोन गुणांवर.

अशा आकड्यांवर 'सर्वकालीन श्रेष्ठ संघ' ठरवणाऱ्यांशी माझं पटत नाही. विक्रम वाचायचा तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: किती सामन्यांत केला, तेव्हाचे नियम काय होते, आणि मोजलं कुणी. मिशिगनचा क्रीडा विभाग नोंदवही काढतो आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. ती फोनवर उतरवून घ्या, पुढच्या सगळ्या फेरीत कामाला येते.

सामन्यांच्या संख्येचं उदाहरण ब्लेक कोरम. २०२३च्या मोसमात त्याने धावून २७ टचडाउन केले, हा मिशिगनचा एका मोसमाचा विक्रम. पण ते १५ सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे १.८. रॉन जॉन्सनने १९६८मध्ये १९ केले होते, अवघ्या दहा सामन्यांत, म्हणजे १.९. यादीत कोरम वर, सरासरीत जॉन्सन. कोरमच्या कारकिर्दीचा विक्रम तर याहून गमतीचा आहे. अँथनी थॉमसच्या ५५ टचडाउनशी तो 'बिग टेन' या मिशिगनच्या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात बरोबरीला आला. छपन्नावा पुढे रोज बाउलमध्ये अलाबामाविरुद्ध, तोही जादा वेळेत, १७ यार्डांच्या धावेवर. आणखी दोन वॉशिंग्टनविरुद्धच्या ३४–१३ अशा राष्ट्रीय अंतिम सामन्यात, एकूण ५८. थॉमस खेळला १९९७ ते २००० या काळात. तेव्हा राष्ट्रीय विजेता बाद सामन्यांतून ठरवणारी प्लेऑफची पद्धत नव्हती, ती २०१४च्या मोसमापासून आली. म्हणजे शेवटचे दोन टचडाउन थॉमसला जो सामना मिळालाच नसता त्या सामन्यातले आहेत. कोरम कमी ठरतो असं नव्हे, पण आकडा शेजारी शेजारी ठेवताना हे माहीत हवं.

हीच अडचण मागच्या काळात उलटी दिसते. १९७२पूर्वी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. १९४०चा हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा करंडक) विजेता टॉम हार्मन तीनच मोसम खेळला, आठ-आठ सामन्यांचे. त्यात एकूण ३३ टचडाउन! आजच्या यादीत तो खाली सरकलेला दिसतो, त्याचं कारण हे. दुसरी मेख बाउल सामन्यांची. राष्ट्रीय संघटना वैयक्तिक आकड्यांत बाउल सामने धरू लागली ती २००२पासून. त्याआधीच्या खेळाडूचा आकडा दोन ठिकाणी दोन प्रकारे दिसला तर आधी बाउलचा सामना वेगळा काढून बघा, बहुतेक वेळा हिशेब जुळतो. बचावाच्या आकड्यांचं तर आणखी कठीण: टॅकल (चेंडू घेतलेल्याला पाडणं) आणि सॅक (पास टाकणाऱ्याला तो टाकण्याआधीच पाडणं) यांची अधिकृत राष्ट्रीय नोंद २०००पासूनची आहे, त्यामुळे जुन्या बचावपटूंचे आकडे त्या त्या विद्यापीठाच्या मोजणीवर सोडावे लागतात.

क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, धावण्याच्या आकड्यांकडे बघताना एक नियम विसरू नये. महाविद्यालयीन हिशेबात सॅक झाल्यावर गमावलेले यार्ड त्याच्या धावण्यातून वजा होतात. व्यावसायिक लीगमध्ये ते पासिंगच्या खात्यात जातात. डेनार्ड रॉबिन्सनने २०१०मध्ये धावून केलेले १,७०२ यार्ड हे सॅकची वजाबाकी झाल्यावरचे आहेत. त्याच वर्षी नोत्र दामच्या मैदानावर त्याने एका सामन्यात २५८ यार्ड धावून आणि २४४ पासवर केले, एकूण ५०२, त्यात एक धाव ८७ यार्डांची. एकूण यार्डांचा तो विक्रम तीन वर्षांत गेला. ऑक्टोबर २०१३मध्ये इंडियानाविरुद्ध डेव्हिन गार्डनरने पासवर ५०३ आणि धावून ८१ असे ५८४ केले. त्या ५०३पैकी ३६९ यार्ड एकट्या जेरेमी गॅलनच्या हातात पडले. तरी सामना ६३–४७ असा सुटला, म्हणजे दोन्हीकडचा बचाव त्या दिवशी कुठे होता हा प्रश्नच आहे.

पुढे व्यावसायिक लीगमध्ये गाजलेल्या टॉम ब्रेडीचं नाव शोधायला पर्यटक हमखास पासिंगच्या यादीत वर बघतात. वर चॅड हेनी आहे, ९,७१५ यार्ड, चार वर्षं पहिल्या पसंतीचा. ब्रेडीला ती जागा दोनच मोसम मिळाली. धावण्यात माइक हार्ट ५,०४० यार्डांवर आहे, झेल घेण्यात ब्रेलन एडवर्ड्स: २५२ झेल, ३,५४१ यार्ड, ३९ टचडाउन.

दुपारी बेंटलीतून निघताना एक गोष्ट विचारात घ्या, ती फुटबॉलची नाही. १९९२ आणि १९९३च्या बास्केटबॉल संघाचे 'फायनल फोर'चे (शेवटच्या चार संघांत पोहोचल्याचे) झेंडे पुढे शिक्षा म्हणून सभागृहावरून उतरवले गेले आणि ते याच ग्रंथालयात ठेवले आहेत. नोंद पुसली म्हणजे काय होतं याचा हा कापडी पुरावा. फुटबॉलमध्ये याचं उदाहरण शेजारच्या ओहायो स्टेटचं. त्यांचे २०१०चे विजय नंतर रद्द झाले. त्यात मिशिगनला ३७–७ हरवलेला सामनाही आला. पण विजय रद्द झाला तरी हरणाऱ्याचा पराभव तसाच राहतो. म्हणून मिशिगनच्या वहीत तो पराभव आहे आणि ओहायोच्या वहीत विजय नाही. दोघांमधल्या एकूण निकालांची बेरीज दोन ठिकाणी वेगळी दिसते ती या एका सामन्यामुळे.

साउथ स्टेट रस्त्यावरच्या शेम्बेक्लर हॉलमध्ये संघाचं छोटं संग्रहालय आहे. लोकांसाठी उघडं कधी असतं ते आधी विचारून जा. बो शेम्बेक्लर इथे २१ मोसम प्रशिक्षक होते, १९४ विजय, ४८ पराभव, ५ बरोबरी. मिनेसोटाविरुद्धचा करंडक मिशिगनकडे असेल तर 'लिटल ब्राउन जग' अवश्य बघावा. १९०३मध्ये मिनियापोलिसला जाताना प्रतिस्पर्ध्यांच्या पाण्यावर विश्वास नव्हता म्हणून योस्ट यांनी मदतनिसाला घ्यायला लावलेली ही चिनीमातीची बरणी, किंमत ३० सेंट. सामना ६–६ सुटला आणि बरणी तिथेच राहिली. आज तिची एक बाजू निळी, दुसरी मिनेसोटाची गडद तांबडी आहे आणि अंगभर वर्षं आणि गुण रंगवलेले आहेत, बारीक अक्षरात, रकाने पाडून. छापील वहीत एका ओळीत संपणारा निकाल इथे ब्रशने लिहिलेला दिसतो. कुठल्याही विक्रमाच्या तक्त्यापेक्षा मला ही बरणी जास्त आवडते.

शनिवारी मैदान. मिशिगन स्टेडियम बाहेरून उंच दिसत नाही, कारण बराचसा भाग जमिनीत खोदलेला आहे. आत शिरलं की आपण वरच्या काठाशी असतो आणि खाली उतरत जावं लागतं. १९२७मध्ये उघडलं तेव्हा कायम आसनं सुमारे ७२,००० होती, पण पुढे वाढवता येईल असा पाया योस्ट यांनी आधीच घालून घेतला होता. १९५६च्या वाढीनंतर क्षमता १,०१,००१ झाली. आजची १,०७,६०१. शेवटचा एक हा माजी क्रीडासंचालक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या नावाने ठेवलेला, आणि ती जागा नेमकी कुठली हे कुणी सांगत नाही. वानखेडे तीनदा भरेल एवढी माणसं एका वेळी बाकांवर मांडीला मांडी लावून बसतात. बाक ॲल्युमिनियमचे आहेत, तेव्हा नोव्हेंबरमध्ये जाड पॅंट घालाच.

गर्दीचा विक्रम मात्र सर्वात सांभाळून वाचावा. ८ नोव्हेंबर १९७५पासून इथला जवळजवळ प्रत्येक सामना एक लाखावर जाहीर झाला आहे, अपवाद करोनाच्या २०२०चा. सर्वोच्च १,१५,१०९, ७ सप्टेंबर २०१३, नोत्र दामविरुद्ध. क्षमतेपेक्षा आकडा मोठा कसा? कारण जाहीर उपस्थितीत बॅंड, कर्मचारी, पत्रकार असे तिकिटाबाहेरचे लोकही धरतात. डिसेंबर २०१०मध्ये याच मैदानावर बर्फ घालून आइस हॉकीचा सामना झाला, तेव्हा १,१३,४११ जाहीर झाले. गिनेसने मात्र आपल्या निकषांवर मोजून १,०४,१७३ मान्य केले. नऊ हजारांहून जास्त माणसं फक्त मोजण्याच्या पद्धतीत गळली. शिवाय २०१६मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया टेक मोटार-शर्यतींच्या ब्रिस्टल मैदानावर १,५६,९९० लोकांसमोर खेळले, त्यामुळे मिशिगनचा दावा आता कॅम्पसवरच्या मैदानापुरता म्हणावा लागतो.

मैदानात जाताना पिशवी नेऊ नका, तिकीट फोनवर आधीच उघडून ठेवा कारण गेटपाशी नेटवर्क अडकतं, आणि एकदा बाहेर पडलात तर परत आत येता येत नाही हे धरून चाला. निदान पाऊण तास आधी बसावं. बॅंड मैदानात येतो, मग बोगद्यातून धावत येणारे खेळाडू उडी मारून निळ्या फलकाला हात लावतात, ते चुकवू नये. जवळ पार्किंग पायोनियर हायस्कूलच्या आवारात मिळतं, पण सामना संपल्यावर तिथून निघायला फार वेळ लागतो. मध्यवर्ती कॅम्पसवरून चालत आलात तर अर्धा तास आणि परतताना रांग नाही.

हवा बिघडली तर निराश होऊ नका. या संघाच्या नोंदवहीतला सर्वात विचित्र विजय बर्फातलाच आहे. २५ नोव्हेंबर १९५०, ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला, हिमवादळात मिशिगनने त्यांना ९–३ हरवलं. दहा यार्ड पुढे सरकून मिळवायचा 'फर्स्ट डाउन' एकही नाही, नऊ पास टाकून एकही पूर्ण नाही, एकूण चाल २७ यार्ड. चक ऑर्टमनने एकट्याने २४ वेळा पंट मारले (चेंडू लाथेने दूर उडवून समोरच्याकडे दिला), ७२३ यार्ड. चेंडू हातात ठेवणंच धोक्याचं असल्याने दोन्ही संघ चालीच्या पहिल्याच प्रयत्नात तो लाथाडून समोरच्याच्या चुकीची वाट बघत होते, आणि मिशिगनचे नऊही गुण अडवलेल्या पंटांतून आले.