टाकीत पाणी आहे, नळाला धार नाही

चार वर्षांच्या फोनवर अपडेट येतं. रात्री ‘इन्स्टॉल’ दाबलं जातं. सकाळी फोन गरम, दुपारीच बॅटरी अर्ध्यावर, आणि घरात निकाल लागलेला असतो: ‘कुणी सांगितलं होतं अपडेट करायला?’

निकाल साफ चुकीचा नाही, पण घाईचा आहे. मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस चांगला फोनही धापा टाकतो. अँड्रॉइड नव्या सिस्टीमच्या हिशेबाने ॲप्स पुन्हा कंपाइल करत (म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत उतरवत) बसतं, आयफोन फोटो चाळून शोधाची सूची नव्याने मांडतो. नव्या घरात डबे लावून होईपर्यंत साखर सापडत नाही, तसलाच प्रकार. दोन रात्री फोन चार्जरला आणि वायफायवर ठेवावा, एकदा रीस्टार्ट करावा, आणि मग काय बोलायचं ते बोलावं.

तिसऱ्या दिवशीही रखडत असेल, तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा. प्रोसेसर चार-पाच वर्षांत म्हातारा होत नाही, बॅटरी होते. आणि तिचं म्हातारपण दोन प्रकारचं असतं. एक सगळ्यांना दिसतं: चार्ज कमी टिकतो. दुसरं टक्केवारीत दिसतच नाही.

जुन्या सोसायटीत बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार धरलेले असतात. गच्चीवरची टाकी अर्धी भरलेली असते. एक नळ उघडला तर काम भागतं, पण स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एकदम सोडला की दोन्हीकडे करंगळीएवढी धार. बॅटरीतही दर चार्जिंगला ऋण टोकाच्या ग्राफाइटवरचा एक पातळ थर जाड होत जातो. थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं, म्हणून टाकी लहान होते. शिवाय अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे पाइप अरुंद होतो. समजा रोध २०० मिलिओहमपर्यंत चढलाय आणि कॅमेरा, फ्लॅश, प्रोसेसर मिळून क्षणभर २ अँपिअर ओढतात. झाला ०.४ व्होल्टचा खड्डा. त्या वेळी बॅटरी ३.६ व्होल्टवर असेल तर फोनच्या हाती ३.२ उरले. इतक्यावर बरेच फोन तग धरत नाहीत. वाढदिवसाचा केक कापताना २५ टक्के असलेला फोन फटकन बंद पडतो आणि चार्जरला लावला की निर्लज्जपणे पुन्हा २५ दाखवतो, तो असा. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून हे नाटक जानेवारीत जास्त.

ॲपलचं गाजलेलं प्रकरण याच खड्ड्याचं. आयफोन ६ आणि ६एस असे अचानक बंद पडायला लागले. जानेवारी २०१७मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ने त्यावर उपाय केला: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा जोरच कमी करायचा. दोन्ही नळ एकदम सोडायचेच नाहीत. तांत्रिकदृष्ट्या उपाय शहाणपणाचा होता. पण तो नेमका काय आहे, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलं नाही. डिसेंबरमध्ये फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच ॲपवाल्यांनी वेगाच्या चाचण्यांचे आलेख मांडले तेव्हा बिंग फुटलं. ॲपलने माफी मागितली, वॉरंटीबाहेरच्या बॅटरीचा दर ७९ डॉलरवरून २९वर आणला, आणि आयओएस ११.३मध्ये बॅटरी हेल्थचा रकाना दिला. फ्रान्सने २०२०मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला. लोकांनी मात्र एवढंच लक्षात ठेवलं, की कंपन्या अपडेटमधून फोन मारतात. नवी बॅटरी घातल्यावर तोच फोन त्याच अपडेटवर पुन्हा पळायला लागायचा, हा अर्धा भाग वाहून गेला.

बॅटरीला खरा मारक म्हणजे उष्णता, आणि त्यातही भरलेल्या बॅटरीला लागलेली उष्णता. मे महिन्यात दुचाकीच्या हँडलवर उन्हात नकाशा चालू आणि खालून चार्जिंगही चालू, यापेक्षा वाईट जागा शोधून सापडणार नाही. (‘पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्ज करावी’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला २० ते ८० मानवतं.) बॅटरी हेल्थ ८०च्या खाली गेली, की बदलायला काढावी. बदलताना मागची काच किंवा स्क्रीन तापवून उघडतात, तेव्हा पाणी अडवणारं सील सुटतं; पुढे तो फोन पावसात काढू नये. स्क्रीन आणि फ्रेममध्ये फट दिसत असेल तर बॅटरी बहुधा फुगलेली आहे. मग चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नको, आणि ती कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नको.

स्टोरेजचं दुखणं वेगळं. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्यावर थेट लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. जागा मोकळी असली की हे काम मागच्या मागे उरकतं. स्टोरेज गच्च झालं की प्रत्येक फोटोला आधी सामान इकडून तिकडे हलवावं लागतं, आणि तेवढा वेळ फोन हँग. १० ते १५ टक्के जागा रिकामी हवीच. अपडेटला स्वतःलाही काही जीबी लागतात. सुरुवात व्हॉट्सॲपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मधून करावी. तिथे ५ एमबीहून मोठ्या फायली आणि वारंवार फॉरवर्ड झालेला माल वेगळा काढून ठेवलेला असतो. तीन वर्षांची शुभ सकाळ तिथे सापडते.

अपडेटचाही दोष असतोच. नवी सिस्टीम नव्या फोनची रॅम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते, आणि ३ जीबीवाल्याला ती अंगरख्यासारखी ढगळ होते. मागे फिरायची वाटही बहुतेक बंद: ॲपल जुन्या आवृत्तीवर (डिजिटल) सही करणं थांबवतं आणि सहीविना ती फोनमध्ये बसत नाही, कित्येक अँड्रॉइड फोनही जुनी आवृत्ती नाकारतात. म्हणून सुरक्षेचे छोटे पॅच लगेच घ्यावेत, मोठी आवृत्ती महिनाभर थांबून. आणि प्रवासाच्या आदल्या रात्री कुठलंच नको. तिकीट आणि यूपीआय दोन्ही त्याच फोनमध्ये असतात.

एवढं करूनही अँड्रॉइड फोन आळसटलेला वाटला, तर एक युक्ती उरते. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप. मग डेव्हलपर ऑप्शन्समधले ॲनिमेशनचे तिन्ही आकडे १वरून ०.५वर आणायचे. प्रोसेसर तोच राहतो, फक्त खिडक्या उघडताना फोन नखरे कमी करतो. बाकी कशाला हात लावू नये. सातव्या टॅपला ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात’ असं फोन जाहीर करतो, तेवढं मनावर घेऊ नये.