पावती क्रमांक 1

मे 2019. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. लोकसभेचं मतदान होऊन महिना उलटला होता, टँकर दिवसाआड येत होता आणि ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या केव्हाच गावात परतल्या होत्या. आदल्या ऑक्टोबरात सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही तालुका होता. मी गावचा ग्रामरोजगार सेवक, म्हणजे रोजगार हमीच्या कामांची कागदपत्रं सांभाळणारा. जॉबकार्ड, मस्टर म्हणजे हजेरीपट, मजुरांची बँक खाती हे माझं रोजचं काम.

त्या दिवशी सकाळी नऊलाच सतरा बाया ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसल्या. सगळ्यांत पुढे आमच्या भावकीतली आत्या. दहावीची परीक्षा दिलेल्या एका पोरीकडून त्यांनी अर्ज लिहून आणला होता. तिनं तो उभं राहून वाचला, ‘विषय : काम मिळणेबाबत विनंती अर्ज.’ पुढचं वाक्य यायच्या आत आत्याने तिला थांबवलं.

‘विनंती कशापायी गं? मुकादमाकडून उचल घेताना आपून विनंती करतो का? कोयत्याचा हिशोब करून सौदा करतो. इथं का हात जोडायचे?’

ती कुणावर रागावून बोलली नव्हती, साधा प्रश्न होता. पण मी गप्प झालो, कारण त्याचं उत्तर माझ्याच कपाटात होतं. काम मागायच्या छापील फॉर्मवर ‘विनंती’ हा शब्दच नव्हता. तिथे ‘काम मागणीचा अर्ज’ असं लिहिलेलं होतं. मी फॉर्म काढला आणि मथळा बोटाने दाखवत वाचून दाखवला. विनंती मान्य करायची की नाही, हे समोरच्याच्या मर्जीवर असतं. मागणीचं तसं नाही. रोजगार हमीच्या तेव्हाच्या, 2005 च्या कायद्याप्रमाणे अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावं लागायचं. नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यावा लागायचा. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि त्यानंतर किमान निम्मा. त्या वर्षी आपल्याकडे दर 206 रुपये होता, म्हणजे पहिल्या महिन्यात दिवसाला साडेएक्कावन्न रुपये. हे सगळं मला पाठ होतं. चार वर्षांत एकदाही मी ते ओट्यावर बसून बायांना सांगितलं नव्हतं.

खरं तेच लिहितो. आमच्याकडे पद्धत उलटी पडली होती. आधी काम मंजूर व्हायचं, मग बाया गोळा करायच्या आणि त्यांची मागणी कामाला जुळेल अशा तारखेने भरायची. कागदावर सगळं वेळेत दिसायचं. बेकारी भत्त्याचा प्रश्नच यायचा नाही, कारण कुणी रिकामं बसलंय याची नोंदच नसायची. ही नोंद होते पावतीमुळे. अर्ज घेतल्याची तारखेसह पोच हातात पडली, की त्या दिवसापासून पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते.

मी वरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडून सल्ला मिळाला, ‘पावती देऊ नका, कच्च्या कागदावर नावं लिहून घ्या, बघू.’ फोन ठेवला तेव्हा सतरा जणी माझ्याकडे बघत होत्या. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पावतीबुक शोधून काढलं. कडांना वाळवी लागलेली, आत एकही पान फाडलेलं नाही. पहिल्या पानावर छापील आकडा होता 1.

तो आकडा बघून मला जी शरम वाटली, ती आजही जशीच्या तशी आठवते.

कार्बन घातला आणि आत्याचं नाव लिहिलं. फॉर्ममध्ये रकाना असतो, काम केव्हापासून पाहिजे. मी विचारलं तर ती थबकली. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, ‘सोमवारपासून लिव्ह.’ शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. कोयत्याने उभी चीर गेलेला अंगठा, ठशातही ती चीर पांढरी उमटली. पावती तिने चंचीत, पानाच्या वर ठेवली आणि नाडी गुंडाळली.

बाकीच्या सोळा पावत्या होईस्तोवर दुपार झाली. आत्या बहात्तरच्या दुष्काळाचं सांगत बसली. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची, आई खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची. त्या दुष्काळातल्या कामांमधून धडा घेऊनच महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा ध्यास होता. देशाचा कायदा त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी आला. मी हे सांगितलं तर आत्या म्हणाली, ‘म्हंजी माय खडी फोडत होती तव्हा हक नव्हता, मंग झाला.’ कायदा याहून नेमका मला आजवर कुणी सांगितलेला नाही.

पाझर तलावातला गाळ काढायचं काम शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, कधीचं पडून होतं. सतरा पावत्यांच्या प्रती जोडून पत्र गेलं आणि अडलेली फाईल हलली. तेराव्या दिवशी तलावात मस्टर सुरू झालं. सगळं गोड झालं असं नाही. मजुरी मोजमापावर निघते आणि वाळलेला गाळ दगडासारखा कडक, त्यामुळे पहिल्या आठवड्यात कुणाच्याच हाती पूर्ण 206 चा हिशोब आला नाही. पैसे खात्यात पडायलाही उशीर झाला. त्याबद्दल मला बायांची बोलणी ऐकावी लागली आणि त्यांचं बरोबरच होतं. पण कामावर सावलीला कापड नाही, प्यायला पाणी नाही, हे त्या आता चारचौघात, नाव घेऊन सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी कापड लागलं.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ट्रॉली हलली तशी आत्या वरून ओरडली, ‘चैतात येते रे! बुक सपलं असंल तर दुसरं मागवून ठेव.’