गळतीचा माग: मॅग्नेट कव्हर ओलं, पण दोष गिअर शाफ्टच्या सीलचा

गेल्या नोंदीत कार्ब्युरेटरचं काम संपलं होतं आणि पुढचा नंबर चाकांच्या बेअरिंगचा होता. ते थोडं थांबलं, कारण मोटरसायकलच्या इंजिनाच्या डाव्या बाजूला ऑईल दिसायला लागलं. प्रमाण किरकोळ. गाडी रात्रभर साइड स्टॅण्डवर राहिली की सकाळी खाली नखाएवढा डाग, मॅग्नेट कव्हरची (डाव्या बाजूला मॅग्नेटवर असतं ते झाकण) खालची कड ओलसर आणि त्या ओलीवर धूळ बसून तयार झालेला काळा चिकट थर. इंजिन १५० सीसीचं, एअर-कूल्ड, एकाच सिलिंडरचं. डिपस्टिकवर पातळी दोन खुणांच्या मध्ये, म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तरी दुर्लक्ष करावं असंही नव्हतं. गळती चेनच्या बाजूची, आणि तिच्या थेट मागे टायर. ऑईल जमिनीवर पडलं तर डाग पडतो. तेच टायरच्या कडेला लागलं तर वळणावर गाडी आडवी होते. म्हणून किती गळतंय याआधी मी कुठल्या दिशेने जातंय ते बघतो. प्रमाण ठरवायला अमेरिकी सैन्याच्या वाहन तपासणीतली वर्गवारी मला फार सोयीची वाटते. नुसती ओल आहे पण थेंब धरत नाही, तो पहिला वर्ग. थेंब धरतो पण तपासणी चालू असताना पडत नाही, तो दुसरा. बघता बघता थेंब पडतो, तो तिसरा. माझं प्रकरण दुसऱ्या वर्गातलं होतं, त्यामुळे सावकाश शोध घ्यायला वेळ होता.

अशा वेळी हात पहिल्यांदा पान्याकडे जातो: मॅग्नेट कव्हर ओलं आहे ना, मग त्याचे बोल्ट आवळू. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. कव्हर आणि केस (इंजिनाचं बाहेरचं कवच) ॲल्युमिनियमची, बोल्ट ६ मिमी आट्यांचे, आणि त्यांचा टॉर्क बहुतेक मॅन्युअलमध्ये १० न्यूटन-मीटरच्या आसपास दिलेला असतो. साध्या टी-पान्याने एवढा जोर नकळत ओलांडला जातो. कागदी पॅकिंग एकदा दबून कडक झालं की आणखी आवळून त्याला लवचिकपणा परत येत नाही. उलट केसमधले आटे जातात, आणि किरकोळ गळतीचं काम नवे आटे बसवण्यापर्यंत जाऊन पोचतं. बाहेरून सिलिकॉन फासणं तर त्याहून वाईट. तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाही, आणि जिथे माग काढायचा तीच जागा झाकून टाकतं.

गळक्या छपराचं जे असतं तेच इथे: थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असतं असं नाही. ऑईल आपल्या वजनाने खाली उतरतं, आणि गाडी चालत असताना वारा त्याला मागे ढकलतो. वाटेत एखाद्या कव्हरची फट लागली की त्या फटीच्या कडेकडेने ते लांबवर पसरतं, आणि सगळं पॅकिंगच पाझरतंय असं वाटायला लागतं. म्हणून ओलीच्या पट्ट्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची. पण इंजिन आधीच मळलेलं असेल तर ती सापडणं अशक्य. त्यामुळे पहिलं काम धुलाईचं.

इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीझर मारला, जुन्या टूथब्रशने फिन्सच्या मधल्या जागा, बोल्टांच्या डोक्यांभोवतालचे खड्डे आणि कव्हरांच्या कडा घासल्या, कमी दाबाच्या पाण्याने धुतलं आणि कोरडं पुसून घेतलं. प्रेशर वॉशर मी इंजिनाजवळ आणत नाही. जोराची धार सीलच्या (शाफ्टभोवतालचं, ऑईल अडवणारं रबरी कडं) ओठाखालून पाणी आत घालते, वायरिंगच्या कनेक्टरांमध्ये शिरते ती वेगळीच. पुढच्या चेन स्प्रॉकेटवरचं (चेन फिरवणारं दातेरी चक्र) कव्हरही काढलं. तिथे जे निघालं ते बघण्यासारखं होतं: चेन ल्यूब, माती आणि बारीक खडी यांचा घट्ट लगदा, काही ठिकाणी बोटाएवढा जाड. लाकडी काडीने खरवडून काढावा लागला.

या लगद्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण डाव्या बाजूच्या कितीतरी ‘गळत्या’ म्हणजे नुसतं उडालेलं चेन ल्यूब असतं. दोन बोटांत चोळून बघा. चेन ल्यूब चिकट, ओढलं तर तार धरतं. इंजिन ऑईल पातळ, बोटं सरकतात. माझ्या लगद्याचा बाहेरचा थर चिकट होता, पण आतला, केसला लागून असलेला भाग सैल आणि ओला होता. संशय इथून सुरू झाला.

मग डाव्या बाजूवर टाल्कम पावडर मऊ ब्रशने पातळ भुरभुरली. टॅपेट कव्हर, हेडचा जोड, सिलिंडरच्या बुडाचा जोड, टायमिंग चेन टेन्शनर, मॅग्नेट कव्हर, मॅग्नेटच्या वायरी बाहेर येतात तिथलं रबर, या सगळ्यावर. ऑईलमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील टॉर्चने बघण्याची पद्धतही आहे, आणि मोठ्या, चारी बाजूंनी झाकलेल्या इंजिनांत तीच बरी. उघड्या सिंगलला पावडर पुरते. गाडी डबल स्टॅण्डवर घेतली, इंजिन गरम होईपर्यंत चालवलं, बंद करून टॉर्चने पाहिलं. वरपासून खालपर्यंत सगळं पांढरं. मॅग्नेट कव्हरचा जोडसुद्धा कोरडा.

त्यानंतर तीच गरम गाडी साइड स्टॅण्डवर, म्हणजे डावीकडे झुकवून ठेवली. थोड्या वेळाने स्प्रॉकेटच्या मागे, खालच्या बाजूला पावडर काळवंडली. मला सर्वांत उपयोगी पडलेली खूण हीच: डबल स्टॅण्डवर कोरडी आणि साइड स्टॅण्डवर गळणारी गाडी सांगते की दोष डाव्या बाजूला, खाली, ऑईलच्या पातळीजवळ आहे. हेड, टॅपेट कव्हर वगैरे वरचे संशयित तिथेच सुटले.

स्प्रॉकेटच्या मागे माझ्या इंजिनात तीन जागा आहेत: स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या शाफ्टचं सील, गिअर लिव्हर ज्यावर बसतो त्या शाफ्टचं सील, आणि न्यूट्रल स्विचची ओ-रिंग. काही इंजिनांत क्लच ढकलणाऱ्या रॉडचं सीलही इथेच असतं. स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील गळत असेल तर फिरणारं स्प्रॉकेट ऑईल गोलाकार भिरकावतं, आणि कव्हरच्या आतल्या बाजूला त्याचे शिंतोडे दिसतात. ते नव्हते. इंजिन बंद ठेवूनच (चेन फिरत असताना तिथे बोट नेऊ नका) मी टॉर्च खालून धरली आणि दुसऱ्या हाताने गिअर लिव्हर हलकेच वर-खाली केला. शाफ्टच्या खालच्या कडेला आधी नुसती चमक आली. लिव्हर खाली दाबला तशी ती फुगली, वर घेतल्यावर थेंब सुटला आणि पावडरीतून एक बारीक गडद रेघ काढत मॅग्नेट कव्हरच्या मागच्या टोकापर्यंत उतरला. तिथून पुढे कव्हरच्या कडेकडेने. माग लागला.

सील काढण्याआधी ब्रीदर, म्हणजे केसमधला दाब बाहेर सोडणारी वाट, तपासला, आणि कुठल्याही गळतीत तो तपासावाच. सिंगल सिलिंडर इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा केसमधली हवा दाबली जाते. ६००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं. शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतोच. हा दाब ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्याकडे जातो. पाइप दबला किंवा आत पांढरट गाळ साचला की दाब दुसरी वाट शोधतो, आणि साधं ऑईल सील ०.३ ते ०.५ बारपेक्षा जास्त दाबासाठी बनवलेलंच नसतं. ब्रीदर तुंबलेला ठेवून नवं सील बसवलं तर तेही पाझरणार. ऑईल जास्त भरलं तरी परिणाम साधारण असाच. माझा पाइप काढून फुंकून बघितला, मोकळा होता. एअर बॉक्सखालच्या नळीत थोडं पाणी-ऑईलचं दुधाळ मिश्रण साचलं होतं, ते काढून टाकलं. छोट्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यातून हे होतं.

सील मागवण्याआधी पार्ट्सचं चित्र बघून घ्या. बहुतेक इंजिनांत हे सील बाहेरून निघतं, पण काहींमध्ये सीलला आतून कडा असते आणि त्यासाठी केस उघडावी लागते. माझं बाहेरून निघणारं होतं. सीलच्या तोंडावर तीन आकडे असतात, माझ्यावर १२, २२ आणि ५: शाफ्टचा व्यास, सीलचा बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. नायट्राइल रबरचं सील या जागेला चालतं, कारण इथलं ऑईल साधारण १०० अंशांच्या आसपास राहतं.

ऑईल बदलायची वेळ जवळ आलीच होती, म्हणून ते काढूनच टाकलं. लिव्हरवरची आणि शाफ्टवरची खूण जुळवून फोटो घेतला. लिव्हरचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टच्या खाचेतून जातो. सील काढण्याआधी ते केसच्या तोंडापासून किती आत बसलंय ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवलं. काढताना सीलच्या आतल्या धातूच्या कड्याला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवून ओढणारे पुष्कळ आहेत. ड्रिल जरा सरकलं की शाफ्टवर ओरखडा पडतो, आणि धातूचा कीस आत जायची भीती असते ती निराळी. मी वाकडा हूक वापरतो. टोकाला टेप गुंडाळायची, ओठाखाली घालायचं आणि कडेकडेने हलवत सील बाहेर आणायचं.

जुनं सील हातात घेऊन निरखलं. चांगल्या सीलचा ओठ धारदार असतो, शाफ्टला केसाएवढ्या रुंदीत टेकतो, आणि त्यामागची गोल स्प्रिंग त्याला दाबून धरते. याचा ओठ झिजून सपाट, चकचकीत झाला होता, रबर नखाने दाबून दबत नव्हतं, आणि खालच्या बाजूला ओठात खडीचे कण रुतलेले होते. स्प्रॉकेटभोवतीचा लगदा आठवा. शाफ्ट प्रत्येक गिअरला थोडासाच फिरतो, पण मातीत भिजलेलं सील असेल तर तेवढं पुरतं.

शाफ्टवर ओठाच्या जागी एक रेघ दिसत होती. नख फिरवून पाहिलं, अडकत नव्हतं. नख अडकलं असतं तर सील मिलिमीटरभर बाहेर बसवलं असतं, म्हणजे ओठ नव्या जागेवर टेकतो. शाफ्ट २००० नंबरच्या पॉलिश पेपरने साफ केला, तोही गोल फिरवतच. लांबीच्या दिशेने घासलं तर पडणारे बारीक ओरखडे म्हणजे ऑईलला बाहेर यायला तयार वाटा. शाफ्ट धरून हलवून बघितला. वाकलेला नव्हता, ढिलाही नव्हता. गाडी कधी डाव्या बाजूला पडली असेल तर हे बघितल्याशिवाय नवं सील घालू नका.

बसवण्यातली सगळी काळजी शाफ्टच्या टोकावरच्या दात्यांची. ते धारदार असतात आणि नवा ओठ त्यांच्यावरून नुसता सरकवला तरी कापला जातो. दात्यांवर पातळ टेप घट्ट गुंडाळली, ओठाला ग्रीस लावलं, बाहेरच्या कडेला ऑईलचं बोट फिरवलं. स्प्रिंगची बाजू आत, ऑईलकडे. मग सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सॉकेट टेकवून हलक्या ठोक्यांनी सरळ आत नेलं, आधी मोजलेल्या खोलीपर्यंत. सॉकेट कड्यावरच टेकलं पाहिजे, ओठाजवळच्या मऊ भागावर नाही. सील तिरकं जातंय असं दिसलं तर उलट्या बाजूने ठोकून सरळ करण्यापेक्षा काढून पुन्हा सुरुवात करणं बरं.

गळती थांबवणारी द्रव्यं ऑईलमध्ये ओतण्याबद्दल बरेच जण विचारतात. ती रबर फुगवून काम करतात, आणि मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. आपण जासो (ऑईलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ चं ऑईल शोधून घेतो ते क्लच घसरू नये म्हणूनच, मग त्यात असं काही मिसळायला माझं मन घेत नाही. झिजलेल्या ओठाला फुगवून धार परत येत नाही.

ड्रेन बोल्टला नवा वायसर, ताजं ऑईल, इंजिन चालवून बंद केल्यावर पातळीची पुन्हा तपासणी. स्प्रॉकेटचं कव्हर लावण्याआधी पुन्हा पावडर टाकली, एक लांब चक्कर मारली आणि गाडी मुद्दाम साइड स्टॅण्डवर, खाली कोरा पुठ्ठा ठेवून रात्रभर उभी केली. सीलभोवती पावडर पांढरी, पुठ्ठा कोरा. त्यानंतर चेन साफ करताना स्प्रॉकेटचं कव्हर काढून आतला लगदाही काढायचा, असा नियम ठेवलाय, आणि चेनला ल्यूब पूर्वीपेक्षा कमी लावतोय.

या शोधात एक गोष्ट मात्र नवी दिसली. लांब चकरेनंतर सिलिंडरच्या बुडाशी, उजव्या बाजूच्या मागच्या स्टडजवळ पावडर किंचित पिवळसर झाली आहे. थेंब धरत नाही, पहिल्या वर्गातलीच ओल. तिथलं पॅकिंग बदलायचं तर हेड आणि सिलिंडर उतरवावं लागेल, आणि एवढ्यासाठी मी ते उघडणार नाही. रिंग बदलायच्या वेळी ते पॅकिंग बदलेन. तोवर दर ऑईल बदलीला तिथे पावडर टाकून फोटो ठेवणार आहे. आता चाकांच्या बेअरिंगकडे वळतो.