आधी वहीतला हिशेब, मग दलालाचा भाव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गणपतीत इंदूरच्या राजेंद्रनगरच्या मांडवात, देवास नाक्यावर चहाला थांबलो की, आणि भाच्यानं स्वतःची गाडी घेतल्यापासून दर आठ दिवसांनी फोनवर, एकच प्रश्न येतो: ज्याचा एकच ट्रक, तोही स्वतः चालवणारा, तो माल मिळवून देणाऱ्या दलालासमोर भाडं ठरवतो कसं? त्याचं ऐकतं कोण?

ऐकतात. पण दलालासमोर बसण्याआधी आपला आकडा आपल्याला पाठ पाहिजे. पहिली तीन वर्षं मी ट्रान्सपोर्ट नगरात जाऊन नुसतं विचारायचो, "आज मुंबईचं काय चाललंय?" चार जण जे सांगतील त्यात शे-दोनशे वर मागायचो आणि मिळाले की खूश. गाडी महिनाभर पळायची आणि हप्त्याच्या दिवशी बायको कपाटातले पैसे मोजत बसायची. मग तिनेच वही घातली. ती वही आजही केबिनमध्ये असते.

त्यातलं पहिलं पान गाडी उभी असतानाचं. हप्ता, विमा, टॅक्स, फिटनेस, परमिट, किरकोळ कामं मिळून महिन्याला ७२ हजार. गाडी महिन्यात २४ दिवस कामाची धरली तर दिवसाला ३ हजार. चाक फिरो न फिरो, सूर्य उगवला की ३ हजार गेले. हे पान ज्यानं लिहिलं नाही त्यानं भावाची गोष्टच करू नये, इतकं माझं ठाम मत आहे.

दुसरं पान चाकाचं. माझी गाडी दहा चाकी. भरलेली असताना लिटरला ४ किलोमीटर, रिकामी साडेपाच. टायर एकेक वीस हजारांच्या घरात. दहाही ७० हजार किलोमीटर गेले तरी किलोमीटरमागे जवळजवळ ३ रुपये झिजतात. इंदूर ते भिवंडी साधारण ५५० किलोमीटर, म्हणजे जाताना १३८ लिटर डिझेल. टोल मी अंदाजानं धरत नाही. खलघाटपासून घोटीपर्यंत फास्टॅगचे मेसेज येतात, ते मोजून वहीत उतरवतो.

आता दलालाच्या टेबलावर चला. मागच्या कार्तिकात सोयाबीनच्या ढेपेचा माल होता. दलाल म्हणाला, "सोलह सौ टन, भैया, इससे ऊपर पार्टी नहीं जाएगी।" म्हणजे टनाला सोळाशे रुपये, मालवाला त्याच्या वर जाणार नाही. मी १९०० मागितले. घासाघीस व्हायची ती झाली आणि १७८० वर थांबलो. पण खरं बोलणं त्यानंतर सुरू झालं. भरायला आणि खाली करायला किती तास? त्यापुढे दिवसाचे किती? हमाली कोणाची? अॅडव्हान्स किती टक्के, आणि बॅलन्स पोच पावती दिल्यावर किती दिवसांत? हे सगळं ताडपत्री बांधायच्या आत ठरवून मी त्याच्या फोनवर लिहून पाठवतो आणि त्याचं "ओके" आल्याशिवाय गाडी वजनकाट्यावर नेत नाही.

ही सवय मला एका गोदामानं लावली. भिवंडीजवळ होतं, पोत्यांचा माल होता. शुक्रवारी सकाळी गेटवर पोचलो, खाली झालो मंगळवारी दुपारी. शनिवारी हमाल नव्हते, रविवारी सुट्टी, सोमवारी पुढे अकरा गाड्या. जून होता, ताडपत्रीवर पाणी साचायचं आणि मी दर दोन तासांनी वर चढून बांबूनं ते लोटायचो, की पोती भिजायला नकोत. शेवटी दोन पोती ओलसर निघालीच. बॅलन्समधून त्या दोन पोत्यांचे पैसे कापले, हमालीही कापली, आणि हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याच्या पैशांचा, विषय काढला तर उत्तर आलं की "आपली तशी काही बात झाली नव्हती." खरंच झाली नव्हती. भाव मला चांगला मिळाला होता, बाजारापेक्षा शंभर वर. चार दिवसांचे बारा हजार त्या शंभरांत कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

तेव्हापासून गेटवर पोचलो की पहिला फोटो गेटचा, नंबर प्लेट दिसेल असा. गेट रजिस्टरवर वेळ लिहून घेतो. २४ तास फुकट, मग दिवसाचे अडीच हजार. माझा खर्च ३ हजारांचा आहे, तरी अडीचावर मानतो, कारण अडीच ऐकलं की गोदामवाला माझी गाडी आधी लावतो. मला पैसे नकोच असतात, गाडी मोकळी हवी असते.

जादा मालाचं आमिष हमेशा येतं. "बावीस टन भर, भाडं वाढवून देतो." २०१८ च्या जुलैत तीन एक्सलच्या, म्हणजे माझ्यासारख्या दहा चाकी गाडीची मालासकट एकूण वजनाची मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली. गाडीचं वजन काढलं की १८ टन माल बसतो, जरा वर. गाड्या त्याच, माल तेवढाच, पण प्रत्येक गाडीत जास्त माल मावू लागला आणि भाव पडले, हे आम्ही सगळ्यांनी भोगलंय. त्यावर अजून चार टन टाकून आपणच भाव आणखी पाडायचा का? पकडलं तर २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आणि मुंबईच्या वाटेवर मानपूर सोडून निमाडात उतरताना गणेश घाट आहे. तिथे ब्रेक फेल होऊन काय होतं ते मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. बावीस टनांना मी नाही म्हणतो, मग समोर कोणीही असो.

परतीचं भाडं मात्र वेगळ्या मापानं मोजतो. रिकामं यायचं तरी डिझेल-टोल लागणारच, म्हणून तिथे पूर्ण भावाचा हट्ट धरत नाही. पण थांबायचंही नाही. आज कोणी २२ हजार देतोय आणि दोन दिवसांनी २६ मिळतील अशी आशा आहे, तर दोन दिवसांचे ६ हजार वजा करा, २० उरतात. भाचा पहिल्या खेपेला नेमका असाच दोन दिवस थांबला होता.

एक छोटी गोष्ट, पण हजारोंची. ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून कमी गाड्या आहेत त्यानं पॅन आणि लेखी घोषणापत्र दिलं तर भाड्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा आयकर, कापायचा नसतो. २०१५ पासून असं आहे. तरी कापतात, आणि आपण रिटर्न भरत नाही म्हणून ते पैसे तिथेच राहतात. घोषणापत्राच्या दहा प्रती मी डॅशबोर्डमध्येच ठेवतो आणि बिल्टीसोबत, म्हणजे मालाच्या पावतीसोबत, देतो.

आणि नाही म्हणायची ताकद? ती खिशातून येते. मी दोन खेपांचं डिझेल होईल एवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवतो, त्यांना हात लावत नाही. दिवाळीला गाड्या कमी असतात तेव्हा भाव चढतो, त्यातून ते भरतो. पावसाळ्यात ते कामी येतात. ज्याला आज संध्याकाळी डिझेल टाकायला अॅडव्हान्स हवाच आहे, त्याचा चेहरा दलाल शंभर पावलांवरून ओळखतो.

भाच्याची गाडी उद्या इंदूरजवळच्या पीथमपूरला भरतेय. काल रात्री त्यानं त्याची वही मला फोनवर दाखवली, पहिलं पान पूर्ण होतं, दिवसाचे ३२०० निघाले. पार्टीला पाठवायचा मेसेजही लिहून ठेवला होता. त्यात हमालीची ओळ राहिली होती, ती मी घालायला लावली.