नागपूर ते पुणे, २८ किलोचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन

नागपूरच्या महाल भागातल्या काकांच्या घरून त्यांची ऑडिओ सिस्टीम पुण्याला आणायची होती. २८ किलोचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेअर. मी गेलो ऐन मे महिन्यात. पहिली चूक तीच.

टीव्हीच्या जुन्या खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर ठेवला, भोवती थर्माकोल आणि गोधड्या कोंबल्या, वरून खाकी टेप मारला आणि छोटा हत्ती करून भरदुपारी वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामावर पोचलो. नागपूरच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो हे तिथे कळलं. हमालाने खोकं उचललं आणि बूड उघडलं. त्याने चपळाईने गुडघा लावला म्हणून वाचलं. खाली ठेवून तो म्हणाला, "भाऊ, याले धराचं कुठून?"

मी चिडायच्याच बेतात होतो, पण त्याचं खरं होतं. गुळगुळीत, जड खोकं, त्यात ट्रान्सफॉर्मर एका बाजूला, म्हणजे उचललं की तिकडेच झुकणार. आपण खोक्यावर 'नाजूक' लिहून मोकळे होतो आणि हात घालायला जागा ठेवत नाही. सामान परत घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी सुताराकडून प्लायची पेटी करून घेतली. बुडाला दोन जाड पट्ट्या, म्हणजे बोटंही जातात आणि ट्रॉलीही. झाकण स्क्रूने बसवायचं. सामान आत असताना खिळे ठोकू देऊ नका, हातोडीचा प्रत्येक दणका आत पोचतो.

पेटीच्या आत काय, हे जास्त महत्त्वाचं. जड यंत्राला बाहेरच्या धक्क्याइतकंच स्वतःचं वजन नडतं. थर्माकोलचा पहिल्याच आदळीला चुरा होतो, पोकळी पडते आणि मग वस्तू आतल्या आत आपटत राहते. गोधड्या दबून बसतात. नव्या उपकरणांसोबत येतो तो पांढरा, दाबला की परत फुगणारा फोम घ्या. मी इतवारीच्या बाजारात हिंडून जाड पट्ट्या मिळवल्या. सगळ्या बाजूंनी किमान दोन इंच, ट्रान्सफॉर्मरखाली दुप्पट. अ‍ॅम्प्लिफायर आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर फोमचे कण जाळीतून आत जातात. पेटी हलवून बघा. आत काहीही सरकलं तर पुन्हा भरा. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर व्हॉल्व्ह काढून, जागेचे नंबर लिहून, हातातल्या बॅगेत.

रेकॉर्ड प्लेअरची जड थाळी काढून वेगळी गुंडाळा. आत राहिली तर तीच बाकी सगळं फोडते. टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, मागचं वजन काढा, आर्म त्याच्या टेकूला मऊ दोरीने बांधा. सुईसकट कार्ट्रिज मी डब्यात घालून रेल्वेने सोबत नेलं. आतले भाग हलू नयेत म्हणून काही प्लेअरना असतात ते वाहतुकीचे स्क्रू असतील तर ते आवळायला विसरू नका.

स्पीकरचे स्पाइक, म्हणजे बुडाचे टोकदार पाय, काढा आणि जाळीच्या बाजूवर कधीही झोपवू नका. जोरात आपटले तर मागचं चुंबक सरकून कॉइल घासायला लागते, आणि तो आवाज मग जन्मभर. पॉलिशला थेट बबल रॅप लावू नका, उन्हात ठिपके उमटतात. आधी सुती चादर.

कागदपत्रांचं थोडक्यात: वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागत नाही, तरी तसं लिहून सही केलेला कागद आणि प्रत्येक नगाचा फोटो ठेवा. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर, 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का असतो, तो वाचा. विमा हवा असेल तर तो वेगळा काढावा लागतो, आणि माल ट्रकवर चढायच्या आधी.

पुण्यात अ‍ॅम्प्लिफायर आणि प्लेअर धडधाकट पोचले. एका स्पीकरचा कोपरा चेपला. शेवटी फोम संपला होता आणि त्या कोपऱ्यात मी वर्तमानपत्र कोंबलं होतं. पेटी उघडल्यावर लगेच वीज देऊ नका. अ‍ॅम्प्लिफायर हळूच कलता करून आत काही खडखडतं का ऐका, ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट घट्ट आहे का पाहा. माझा पाव फेरा सैल झाला होता.

पेटी मी मोडली नाही. पुण्यात उतरवून घेणाऱ्याने काही न विचारता पट्ट्यांखाली हात घातले होते.