रोषणाई बघायला गेलो नव्हतो

26 डिसेंबर 2024 च्या संध्याकाळी बेळगावात शिरणाऱ्यांकडं एकतर काँग्रेसच्या अधिवेशनाचा पास होता, नाहीतर रोषणाईची हौस. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. मला फक्त टिळकवाडीत मावशीकडं जाऊन जेवायचं होतं.

कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, हत्तरगी. बस कधी आली कळलंही नाही. खरा प्रवास बेळगावच्या बसस्टँडवर उतरल्यावर सुरू झाला. एरवी दहा-पंधरा मिनिटांची वाट, पण त्या दिवशी रिक्षावाले टिळकवाडी म्हटलं की मानच फिरवत. शेवटी एकजण तयार झाला. भाडं त्यानं असं सांगितलं की मी बॅग परत खांद्यावर घेतली. "बसा की. दोन तास अडकलो तर पैसे वाढवून मागत नाही," म्हणाला. शब्दाला जागला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते बेळगावचं. 1924 च्या डिसेंबरात ते टिळकवाडीत भरलं होतं. त्याची शंभरी म्हणून सगळं शहर म्हैसूरच्या दसऱ्यासारखं दिव्यांनी मढवलेलं. दिसत होतं झकास, नाही कशाला म्हणू? पण दिवे लावले की माणसं बघायला येणार, पोराबाळांसकट येणार आणि मधेच गाडी थांबवून फोटो काढणार, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं की काय? चन्नम्मा सर्कलपासून धर्मवीर संभाजी चौकापर्यंत आम्ही कसेबसे सरकलो. गोगटे सर्कल ओलांडून काँग्रेस रोडला लागलो आणि रिक्षानं इंजिनच बंद केलं.

एका अंगाला रेल्वेची लाइन, त्यामुळं वळायला वाट म्हणजे फक्त गेटं. गाडी यायची झाली, गेट पडलं, की ती वाटही गेली. पुढं एका दुचाकीवर नवरा-बायको आणि दोन पोरं. बाई उतरून भर रस्त्यात कमानीखाली उभी राहिली, नवरा मोबाइल आडवा धरून मागं मागं सरकत थेट आमच्या चाकापाशी आला. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला नाही. "सगळे लाइटिंग बघायलेत," एवढंच म्हणाला. मग जरा थांबून, "आमच्या घरचेपण काल आलते."

दर हिवाळ्यात इथं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन होतं, मोर्चे निघतात, मंत्र्यांच्या गाड्या पळतात. पण त्याची इमारत, सुवर्णसौध, हलग्याजवळ, हायवेला. निम्मा ताप शहराबाहेर राहतो. ह्या वेळी सगळंच गावाच्या पोटात.

ह्याच रस्त्यावर काँग्रेस विहीर आहे. बेळगावचे त्या वेळचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे ह्यांच्या मंडळींनी अधिवेशनाला येणाऱ्यांच्या पाण्याची सोय म्हणून ती खणून घेतली होती. आलेला माणूस पाणी कुठलं पिणार, हा विचार त्यांनी आधी केला. शंभर वर्षांनी आलेला माणूस घरी कसा पोचणार, एवढा तरी कुणी करायचा होता. निदान बसस्टँडवर एक फलक लावायचा: अमुक रस्ता बंद, तमुककडून जा. मराठीत लावा, कन्नडमध्ये लावा, बाण काढून ठेवा, चालेल!

साडेदहाच्या पुढं शेजारच्या स्कूटरवरच्या पोरानं मोबाइल बघितला आणि म्हणाला, "मनमोहनसिंग गेले." आजूबाजूच्या चार-पाच गाड्यांवरची माणसं एकदम मोबाइल काढून बघू लागली. कुणीतरी त्यांच्या साधेपणाबद्दल बोलायला लागलं. रिक्षावाल्यानं मात्र विचारलं, "मग उद्याची सभा?" शताब्दीच्या काँग्रेसच्या सभेसाठी सीपीएड मैदानावर स्टेज उभा, तालुक्या-तालुक्यातून लोक आणायच्या गाड्या ठरलेल्या. त्याच्या भावाची टेम्पो ट्रॅव्हलरही त्यातच होती. त्यानं भावाला फोन लावला, लागला नाही, परत लावला. मला आधी त्याचा राग आला, पण त्याची कमाई उद्याची होती, आणि माझं काय, जेवण गार व्हायचं.

उरलेली वाट मी बॅग घेऊन चालत गेलो. मावशीनं आमटी तिसऱ्यांदा गरम केली.

27 ची सभा रद्द झाली. पुढं 21 जानेवारीला त्याच मैदानावर ती घेतली. मावशीचा आदल्या दिवशीच फोन आला: "येणार असलास तर सकाळी दहाच्या आत ये, नाहीतर येऊच नको. मी काही परत परत आमटी गरम करणार नाही."