पैसे कापले, पावती आली नाही

जूनमधला सोमवार. सकाळी पावणेअकराला महाविद्यालयाच्या लेखा विभागातून फोन आला. "सर, मुलांचे पैसे कापले जातायत, पण पावती निघत नाही. खिडकीवर रांग लागलीय." फी भरायची मुदत बुधवारी संपत होती.

शनिवारी रात्री त्यांच्या सर्व्हरवर मीच बदल केला होता. प्रवेशाची साइट इतकी वर्षं वेगळ्या सबडोमेनवर (मुख्य पत्त्याआधी वेगळं नाव जोडलेल्या पत्त्यावर) होती, ती मुख्य साइटच्या आत आणायची होती. इंजिन-एक्स हे साइट चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, जुन्या नावाच्या सर्व्हर ब्लॉकात (त्या नावासाठीच्या सूचनांच्या भागात) मी एकच ओळ टाकली: रिटर्न 301, पुढे नवा पत्ता. 301 म्हणजे कायमचा रिडायरेक्ट: 'पत्ता बदललाय, तिकडे जा'. जुन्या नावाचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) मुद्दाम चालू ठेवलं, कारण एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, आधी सर्टिफिकेट तपासलं जातं आणि मगच रिडायरेक्ट मिळतो. ते संपलं तर लोकांना इशाऱ्याचं पान दिसतं. कर्ल या कमांडने दहा-बारा पत्ते तपासले, मोबाइलवर पानं उघडून पाहिली आणि निर्धास्त झोपलो.

सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, उघडल्यावर पोटात गोळाच आला. जुन्या सबडोमेनचा लॉग मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, कारण इंजिन-एक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये मागणी कोणत्या नावावर आली हे लिहिलेलंच नसतं. त्या फाइलमध्ये ओळीमागून ओळ तीच होती: फी भरून परत येण्याचा पत्ता, पोस्ट, 301. लगेच मुख्य साइटच्या लॉगमध्ये त्याच पत्त्यावर गेट. पोस्ट म्हणजे माहिती सोबत घेऊन आलेली मागणी, गेट म्हणजे नुसतं पान मागणारी.

विद्यार्थ्याने पैसे भरले की पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या सेवेचं, पान व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, सही असा सगळा तपशील पोस्टने आपल्या साइटकडे पाठवतं. मधे 301 आला की ब्राउझर नव्या पत्त्यावर जातो खरा, पण पोस्टचं गेट करून, रिकाम्या हाताने. ब्राउझर हे फार पूर्वीपासून असंच करत आले आहेत आणि वेबच्या प्रमाणित नियमांतही त्याला मुभा आहे. पोस्ट पोस्टच राहावं म्हणून कायमच्या रिडायरेक्टसाठी 308 हा वेगळा कोड आहे, 2015 च्या आरएफसी 7538 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातला. मला हे माहीत होतं. पण शनिवारी मी तपासली ती सगळी पानं वाचायची होती. या पत्त्यावर कोणी काही घेऊनही येतं, हे डोक्यातच आलं नाही. गेटवेच्या सेटिंगमध्ये परतीचा पत्ता अजून जुनाच होता, तेही पाहिलं नाही.

308 केलं असतं तर ब्राउझरचं काम भागलं असतं. पण गेटवेचा सर्व्हर स्वतंत्रपणेही एक सूचना पाठवत होता, आणि ती 301 पाशीच थांबत होती. रिडायरेक्टमागे तो जातच नव्हता. म्हणून ठरवलं, या पत्त्याला रिडायरेक्ट द्यायचाच नाही. सर्व्हरने आतल्या आत पत्ता बदलून मागणी ॲप्लिकेशनकडे सोपवायची; बाहेरच्याला वाट बदलल्याचं कळायलाही नको.

नेमका तो पत्ता देऊन लोकेशन (एखाद्या पत्त्यापुरत्या सूचना) लिहिलं, त्यात मागणी ॲप्लिकेशनकडे सोपवणारा प्रॉक्सी पास दिला, कॉन्फिग तपासून रीलोड केलं. तरीही 301! दहा मिनिटं मी त्याच ओळींकडे बघत बसलो, तिकडे फोन वाजत होता. मग लक्षात आलं: रिटर्न थेट सर्व्हर ब्लॉकात लिहिलं असेल तर लोकेशन निवडायच्या आधीच ते लागू होतं. माझ्या नव्या लोकेशनपर्यंत मागणी पोचतच नव्हती. रिटर्नची ओळ उचलून बाकी सगळ्या पत्त्यांच्या लोकेशनमध्ये ठेवली आणि अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी पहिली पावती निघाली.

यापुढचं काम जास्त मोठं होतं. रविवार-सोमवार मिळून 43 जणांचे पैसे गेले होते आणि पावती नव्हती. गेटवेकडून व्यवहारांची यादी मागवली. लेखा विभागातल्या मॅडम एकेक क्रमांक वाचत होत्या, मी नोंद जुळवत होतो. सहा जणांनी पहिल्यांदा जमलं नाही असं समजून दोनदा भरले होते. त्यातले एक वडील दुपारी स्वतः खिडकीवर आले. दुसऱ्या वेळचे 14,500 रुपये त्यांनी बियाण्याच्या पैशातून भरले होते. पाऊस तोंडावर होता. "परत येतील ना?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांचा परतावा मी सगळ्यात आधी नोंदवायला लावला, तरी तो खात्यात यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी रोज संध्याकाळी मॅडमना फोन करून विचारत होतो.

शेवटची पावती रात्री साडेआठला निघाली. दुसऱ्या दिवशी गेटवेच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता टाकला. आता कोणतंही नाव हलवण्याआधी मी जुन्या लॉगमधून निदान महिन्याभराचे पोस्ट वेगळे काढून पाहतो, पानांची यादी त्यानंतर.

ते लोकेशन मात्र काढलं नाही. ऑगस्टमध्ये लॉग चाळताना जुन्या नावावर पुन्हा एक पोस्ट दिसला: वसतिगृहाची फी. तिची लिंक वेगळी होती, परतीचा पत्ता जुनाच, आणि आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हतं. शेजारी 200 लिहिलेलं होतं, म्हणजे मागणी नीट पार पडली होती. मी मॅडमना फोन केला, त्यांनी रजिस्टर पाहिलं. पावती निघाली होती.